निरीक्षकाने बोलू नये

१२ नोव्हेंबर

चि. चष्म्या,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. धपाटा यासाठी, की फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि पलीकडून काहीतरी कुरकुरीत चावल्याचा आवाज येतो. म्हणून पत्र. वाचताना खुशाल काय हवं ते खा, मला ऐकू येणार नाही.

गोष्ट अशी, की तुझ्या आत्याचं घोडं शेवटच्या वळणावर अडलंय. समाजशास्त्राच्या बी.ए.चे सगळे पेपर सुटले. सिद्धान्तांचा तो पेपर, ज्यात माझी बोबडी वळली होती, तोसुद्धा सुटला. राहिलाय फक्त प्रकल्प. कुठेतरी जाऊन माणसांचा अभ्यास करायचा, अहवाल लिहायचा आणि वर तोंडी परीक्षा. त्यात मुक्त विद्यापीठातली माझी नोंदणी येत्या उन्हाळ्यात संपते. आधी दोनदा हातापाया पडून वाढवून घेतली, आता वाढणार नाही असं अभ्यासकेंद्रातल्या बाईंनी तोंडावर सांगितलंय. म्हणजे यंदा प्रकल्प पास झाला तर पदवी, नाहीतर सगळं मुसळ केरात.

माझं शिक्षण कसं झालं ते तुला ठाऊक आहे. कपड्यांचे नमुने कापायला रद्दी आणायची आणि कात्री लावता लावता वाचायची. कित्येक लेख मी बाहीपुरते वाचले, उरलेला भाग कुणाच्या तरी पाठीत गेला. एखादी गोष्ट मला एकदा तरी शेवटच्या ओळीपर्यंत शिकायची आहे रे.

विषय ठरलाय. खांदा आखडल्यापासून माझं शिवणयंत्र झाकूनच आहे आणि मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खेटे घालते आहे. तिथे बाकावर ताटकळत बसणं आलंच. तर 'वाट बघणारी माणसं' हाच माझा अभ्यास. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, असहभागी निरीक्षण करा. छान म्हटलं आणि घरी आले. आता ते करतात कसं, ते तू सांग. विद्यार्थ्यांना सांगतोस तसंच सांग, फक्त मला डुलकी लागेल असं नको.

तुझी आत्या

१९ नोव्हेंबर

तीर्थरूप आणि अत्यंत धपाटेबाज आत्या,

शेंगदाणे खात वाचलं. नमस्कार.

विषय झकास आहे, अगदी मनापासून सांगतो. माझ्या वर्गातली पोरं 'जागतिकीकरण आणि सर्व काही' असले विषय घेऊन येतात, आणि तू एक बाक निवडलास. त्या बाकावर घट्ट बस.

आता पद्धत. असहभागी निरीक्षण म्हणजे निरीक्षकाने बोलू नये. कुणाला मदत करू नये, सल्ला देऊ नये, कुणाच्या भांडणात पडू नये. तू तिथली भिंत आहेस असं समज. भिंतीसमोर माणसं जशी वागतात तशी आपल्याला हवी आहेत. घरी आल्यावर लगेच टिपण लिही, आणि त्यात स्वतःला आणू नकोस. 'मला वाटलं', 'मला बाई कसंसंच झालं' वगैरे काही नको. दिसलं ते लिही. नावं कुणाचीच नकोत.

डॉक्टरांची परवानगी आधी घे. नुसतं बघणार असशील तर बाकावरच्या प्रत्येकाला विचारत बसायला नको. बोलणार असशील, कुणाच्या मनातलं काढणार असशील, तर मात्र विचारावंच लागतं. तू तर बोलणारच नाहीस. (इथे मी जरा थांबून हसलो. पण माझा तुझ्यावर विश्वास आहे.)

तुझा,
चष्मा

४ डिसेंबर

चि. चष्म्या,

आशीर्वाद. इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, गोड आहेत आणि खांदा पिळताना निर्दय आहेत. त्यांनी लगेच परवानगी दिली. वर म्हणाल्या, "लिहा, लिहा. निदान खांद्याकडचं लक्ष तरी हटेल."

टिपणातला थोडा भाग उतरवून पाठवते. बघ जमतंय का.

'बाक भिंतीला लागून आहे. हीटरजवळचं टोक मानाचं. तिथे बसायचा हक्क ऑपरेशनवाल्यांचा. ज्याच्या हाडात पट्टी आणि स्क्रू आहेत तो बोलायला लागला, की नुसत्या लचकवाल्यांनी गप्प बसायचं. नवा माणूस आला की त्याला कुणी नाव विचारत नाही. "तुमचं काय?" असं विचारतात. तो म्हणतो, "कंबर." झाली ओळख.

'प्रत्येकाच्या अपघाताची गोष्ट हळूहळू वाढते. बसचा ड्रायव्हर पहिल्या दिवशी घराच्या पायरीवरून घसरला होता. पुढच्या खेपेला ती पायरी जिना झाली. काल एक नवा रुग्ण आला, तेव्हा त्या जिन्याला मजलाही चढला होता आणि ड्रायव्हरच्या कडेवर एक मूल आलं होतं.

'गुडघेवाल्या आजी आणि ड्रायव्हर यांच्यात पंख्यावरून धुसफूस आहे. आजींना वारा बाधतो, ड्रायव्हरला उकडतं. भर थंडीत उकडतं. एका तपकिरी स्वेटरवाल्या बाईने दोघांच्या जागा बदलून दिल्या. ड्रायव्हर पंख्याखाली गेला, आजी हीटरपाशी. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्या डेपोत हव्या होतात." त्याआधी त्याच बाईने दातदुखीवाल्या माणसाला हा दातांचा दवाखाना नव्हे असं समजावून वरच्या मजल्यावर धाडलं होतं. स्वेटरवाली बाई साठीच्या मानाने चांगली तजेलदार दिसते.'

कसं काय?

तुझी आत्या

११ डिसेंबर

प्रिय आत्या,

कसं काय म्हणजे काय! मी ते चालत चालत वाचलं आणि ग्रंथालयाच्या दारावर आपटलो. माणसांना अवयवाच्या नावाने ओळखणं, ऑपरेशनचा मान, वाढत जाणारा जिना. आत्या, ही नजर शिकवून येत नाही.

दोन गोष्टी. एक, 'तजेलदार' हे निरीक्षण नव्हे, मत आहे. खोड ते. दोन, त्या स्वेटरवालीला सोडू नकोस. अशी माणसं प्रत्येक गटात असतात. ना पद, ना अधिकार, पण गट त्यांच्याभोवती फिरतो. नाक खुपसायची सवय तिला जन्मजात दिसते, नवऱ्याचा छळ केला असेल बिचारीने, पण तुझ्या अभ्यासाच्या दृष्टीने ती सोनं आहे. रीतसर मुलाखत मिळते का बघ. जरा गोड बोल तिच्याशी.

चष्मा

२ जानेवारी

चि. चष्म्या,

आशीर्वाद, थोडे कमी. तिने नवऱ्याचा छळ वगैरे काही केलेला नाही. म्हणजे असं ऐकिवात आहे.

मुलाखतीचं विचारलंस. ती बाई मुलाखत देणार नाही. फार कामात असते. तजेलदार खोडलंय.

आता जे लिहिते ते नीट वाच. बाकावर एक घड्याळजी येतात. मनगट मोडलं होतं, उजवं. मितभाषी माणूस. ड्रायव्हरचा जिना ऐकून फक्त मिशीत हसतो.

'परवा गुडघेवाल्या आजींच्या चष्म्याची काडी निखळली. तिचा स्क्रू खाली पडला, मुंगीच्या डोक्याएवढा. सगळे ओणवे होऊन शोधायला लागले, म्हणजे ज्यांना ओणवं होता येतं ते. घड्याळजींनी तो दोन बोटांत उचलला, काडीला लावला आणि नखाने फिरवून घट्ट केला. बोलता बोलता, उजव्या हाताने. मग आत त्यांचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात रबरी चेंडू दिला. तो त्यांना दाबता येईना. "अजून कळ येते," म्हणाले.

'तपकिरी स्वेटरवाल्या बाईने त्यांना नंतर जिन्यात गाठलं. म्हणाली, "हात बरा आहे की तुमचा!"

'घड्याळजींनी वर-खाली बघितलं. म्हणाले, "कधीचाच बरा आहे."

'"मग?"

'"दुकानात खुर्ची एकच आहे हो. दिवा एकच, भिंग एकच. हात मोडला म्हणून तिथे सून बसली. तोवर ती घरातच होती. तिचा हात माझ्याहून हलका आहे, मी सोडून दिलेली घड्याळं तिने चालू केली. मी बरा झालो असं कळलं की घरचे म्हणणार, आता बाबा आले, तू ऊठ."

'"मग म्हणा ना, की मी थकलो, आता तूच बस."

'"थकलेल्या बापाच्या जागी मुलगा बसतो, बाई. त्याला घड्याळाचे दोन काटे सांगता येत नाहीत, तरी तोच बसेल. मोडक्या हाताच्या बापाच्या जागी सून बसली, कारण ते तात्पुरतं आहे. तात्पुरतं आहे म्हणून सगळे गप्प आहेत. मी फक्त ते तात्पुरतं लांबवतोय."'

मी घरी आले आणि चहा गार होईपर्यंत कप हातात धरून बसले. आता तूच सांग, हे अहवालात कुठल्या प्रकरणात घालू?

तुझी आत्या

९ जानेवारी

आत्या! आत्या! आत्या!

तिसऱ्या प्रकरणात. नाही, तेच तुझं तिसरं प्रकरण. किंबहुना तोच तुझा प्रकल्प. आजारी माणसाला समाज काय काय माफ करतो, यावर माझ्या कपाटात एक अख्खी फळी आहे. कामातून सूट मिळते, लोक सांभाळून घेतात. पण आपल्याला मिळालेली सूट कुणी गुपचूप दुसऱ्यासाठी वापरतो? स्वतःच्या आजारपणाची सावली करून तिच्यात सुनेला उभं करतो? हे त्या फळीवर कुठेच नाही.

एक शंका. ते दोघं जिन्यात बोलत होते, तर तू कुठे होतीस?

मी काल वर्गात सांगितलं. तास संपल्यावरही पोरं उठेनात. सगळ्यांची आवडती स्वेटरवाली. एक मुलगी म्हणाली, "सर, त्या बाईंना संशोधनाची पदवीच देऊन टाका." मी यावर एक लेख लिहायला घेतलाय, तुझा उल्लेख सगळ्यात वर. विभागप्रमुखांनी माझ्या लेखांबद्दल विचारणं सोडून दिलं होतं, त्यांनी काल स्वतःहून विचारलं. आणि महिनाअखेरीस रजा मिळतेय, तेव्हा मी तिकडे येतो. तुझ्याकडे राहीन आणि स्वेटरवालीला स्वतः भेटेन.

चष्मा

१४ जानेवारी

चि. चष्म्या,

तू म्हणाला होतास की भिंत हो. भिंत जिन्यालाही असते, असं उत्तर मी आधी लिहिलं होतं. मग तो कागद फाडला.

तू आलास तर तुला मी आणि स्वेटरवाली एकाच खुर्चीत बसलेल्या दिसू. स्वेटर तुझ्या आईनेच विणलाय, गेल्या थंडीत. बाह्या आखूड झाल्यात, पण ते तिला सांगू नकोस.

पहिल्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून बसले होते. देवाशपथ. पण त्या दातदुखीवाल्याला खांद्याची पट्टी बांधायला घेतली होती रे तिथल्या पोरीने! त्यावर भिंतसुद्धा बोलली असती. एकदा तोंड उघडलं आणि मग मिटेना. तू म्हणाला होतास की टिपणात स्वतःला आणू नकोस. म्हणून जे मी केलं ते एका बाईने केलं असं लिहिलं. मला वाटलं, शास्त्र असंच असतं.

नंतर तू तिची इतकी वाहवा करत गेलास, की सांगायला जीभ उचलेना. आणि नोंदणी संपत आलेली. प्रकल्प रद्द होतोय का, एवढंच लिही. गोड बोलून लिहू नकोस.

आत्या

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उशीर झाला, तिकडे यायचंही राहिलं. आधी मी रागावलो. मग तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली आणि 'असं ऐकिवात आहे' या ओळीशी इतका हसलो की शेजारच्या खोलीतले भूगोलाचे प्राध्यापक बघायला आले. त्यांना वाचून दाखवावंसं वाटलं, पण म्हटलं, झाली तेवढी शोभा पुरे. चाळीस पोरांना शिकवणारा मी, मला माझी आत्या ओळखता आली नाही. जी बाई रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसाचं सुटलेलं बटण शिवून देते, तिच्याबद्दल मी लिहिलं की 'अशी माणसं प्रत्येक गटात असतात'!

प्रकल्प रद्द होत नाही. गटात राहून, त्यांच्यातलं एक होऊन अभ्यास करण्याचीही रीतसर पद्धत आहे. तिला सहभागी निरीक्षण म्हणतात. केंद्रातल्या बाईंना खरं काय ते सांग आणि अहवाल नव्याने लिही. 'मी' म्हणून लिही. 'मी जागा बदलून दिल्या', 'मी विचारलं'. स्वेटर कपाटात ठेव.

मात्र एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. घड्याळजी जिन्यात जे बोलले, ते मी इतके दिवस कुणाच्या तरी कानावर सहज पडलेलं बोलणं समजत होतो. ते तसं नव्हतं. ते तुला म्हणून बोलले, बाकावरच्या मावशीला. निरीक्षकाला नाही. तू लिहून काढणार आहेस हे त्यांना कुठे माहीत होतं? तेव्हा आता तुला सगळ्यांना सांगावं लागेल, आणि विचारावं लागेल. त्यांना सगळ्यात आधी.

ते हो म्हणतील अशी मला फार आशा आहे. लेख अर्धा झालाय. नको म्हणाले, तर विचार की व्यवसाय बदलून लिहिलं तर चालेल का. घड्याळाऐवजी चष्म्याचं दुकान, मनगटाऐवजी पाय. असं करतात.

तुझा चष्मा

२१ फेब्रुवारी

चि. चष्म्या,

आशीर्वाद. सगळ्यांना सांगून झालं. त्या नादात खांद्याचं दुखणं विसरले.

मी बाकासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ऐका हो. मी इतके दिवस तुमच्यावर लिहितेय. पदवीसाठी. आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. ज्याला नको असेल त्याचं काढून टाकते."

 मला वाटलं, आता या बाकावर आपल्याला कुणी जागा द्यायचं नाही. तेवढ्यात गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, "माझ्या ऑपरेशनचं लिहिलंत का? दोन्ही गुडघ्यांचं? की एकाचंच?" मी म्हटलं दोन्ही. "मग लिहा. डावा जास्त अवघड होता, तेही लिहा."

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, जिन्याचं काय लिहिलंत?"

"जसा जसा वाढला तसा लिहिलाय."

तो कानापर्यंत लाल झाला आणि बाक असा काही खदखदला, की डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या, "पोटावर ताण देऊ नका!" शेवटी तो म्हणाला, "राहू द्या. पण ते मूल मात्र काढा. बायकोने वाचलं तर विचारेल कुणाचं म्हणून."

घड्याळजी उठून बाहेर गेले. जिन्यात माझ्यासाठी थांबले होते.

"माझंही लिहिलंत?"

"लिहिलंय. अजून कुठे दिलेलं नाही. पण भाच्याला कळवलंय आणि त्याने नाव न घेता वर्गात सांगितलंय. तो लांब असतो."

"तुम्ही मला इथे विचारलंत, ते कोण म्हणून विचारलंत?"

"बाकावरची म्हणून."

"मग बाकावरच्याच राहा."

मी तुझी युक्ती सांगितली, चष्म्याचं दुकान, पाय वगैरे. ते म्हणाले, "माझी सून वाचणारी आहे. पाय लिहिलात तरी हात तिला एका ओळीत कळेल. घरचे ओरडले तर ती भांडेल, त्याची मला भीती नाही. पण तिला जर कळलं की मी हे तिच्यासाठी करतोय, तर ती आपणहून उठेल खुर्चीवरून. तसलीच आहे ती."

 जिने उतरत गेले ते, कठड्याला उजव्या हाताने धरून.

म्हणून तिसरं प्रकरण काढलं. केंद्रातल्या बाईंनी कच्चा अहवाल वाचला होता आणि त्याच प्रकरणावर खूश होत्या. आता म्हणाल्या, "याच्याशिवाय उरतं काय हो? बाकावरच्या गमती." परीक्षक कडक आहेत, पास व्हायची खात्री देत नाही म्हणाल्या. मी तिथे एक ओळ लिहिली आहे: 'एका व्यक्तीविषयीची टिपणं तिच्या इच्छेवरून काढली आहेत.' बाकी कोरं.

तुझ्या लेखाचं काय ते तू ठरव. मी सांगणार नाही. सांगितल्यासारखं वाटत असेल तर तो तुझ्या कानांचा दोष.

आत्या

५ मार्च

प्रिय आत्या,

माझे कान तुझ्या घराण्याचेच आहेत.

खरं सांगू का, तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी पळवाटा शोधल्या. कोण वाचतंय आमची नियतकालिकं? त्यांच्या सुनेच्या हाती तो अंक कशाला पडेल? मग लक्षात आलं, की असली वाक्यं माझ्या विद्यार्थ्याने लिहिली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. लेख काढून टाकला, तुझ्या पत्रातली घड्याळजींची पानंही फाडली. विभागप्रमुखांना सांगितलं की लेख होणार नाही. ते म्हणाले, "वाटलंच होतं."

वर्गातही सांगितलं, की ती गोष्ट मी तुम्हाला सांगायला नको होती, विचारलं नव्हतं. पोरं हिरमुसली. एकाने विचारलं, "सर, मग ती सून अजून बसते का तिथे?" म्हटलं, माहीत नाही, आणि आपण विचारायचं नाही.

आता तुझं. परीक्षकांनी त्या कोऱ्या जागेबद्दल विचारलं तर घाबरू नकोस. पण आत्या, हेही खरं, की नापास करायचं ठरवलं तर ते करू शकतात. मी काही गोड बोलून लिहीत नाही.

चष्मा

२८ एप्रिल

चि. चष्म्या,

आशीर्वाद, आज भरघोस.

तोंडी परीक्षेत परीक्षक एकच होते, पण दोघांइतके गंभीर. अहवाल चाळत चाळत त्या ओळीपाशी आले आणि थांबले.

"यात काय होतं?"

"आहे माझ्याकडे, पण माझं नाही."

"ढोबळमानाने सांगा."

"ढोबळमानानेही नाही."

"बाई, इथे तुमचा अहवाल लंगडा पडतो."

"पडतो खरा. आमच्या दवाखान्यात सगळेच लंगडतात, तरी रोज येतात."

ते हसले नाहीत. "याचे मार्क जातील."

"जाऊ द्या. पास होण्याइतके उरतात का, तेवढं मात्र बघा हो. माझी नोंदणी संपतेय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "त्या माणसाने नको म्हटलं, हे तुम्ही मला सांगितलंच नसतं तर? ते प्रकरण तुम्ही तसंच घातलं असतं, तरी मला काय कळणार होतं?" मी म्हटलं, "तुम्हाला नसतं कळलं. मला रोज त्या बाकावर बसायचंय." त्यावर त्यांनी काहीतरी लिहिलं. उलटं वाचायचा मी फार प्रयत्न केला, अक्षर भयंकर.

काल निकाल लागला. पास. वरची श्रेणी थोडक्यात हुकली. पण पास रे, पास! शेवटच्या ओळीपर्यंत.

खांदा आता वर जातो, दवाखान्यात जायचं खरं तर कारण उरलं नाही. तरी आज सांगायला गेले. बाकावर सगळे होतेच. ड्रायव्हरने शिट्टी मारली, गुडघेवाल्या आजींनी माझा गालगुच्चा घेतला. आणि घड्याळजी, जे महिन्यात चार वाक्यं बोलत नाहीत, ते ताडकन उठले, "अभिनंदन, बाई, अभिनंदन!" म्हणत माझा हात हातात धरला आणि पंपासारखा वर-खाली, वर-खाली हलवू लागले. उजव्या हाताने. काय पकड! माझी बोटं कळवळली.

मग त्यांच्या लक्षात आलं. सगळा बाक बघत होता. एक क्षण गेला, जरा मोठाच. आणि ते ओरडले, "आई गं!" आणि घाईघाईने मनगट धरलं. डावं.

चष्म्या, मी कुणाला अक्षरानेही बोलले नव्हते. पण ड्रायव्हर एकदम वर पंख्याकडे बघायला लागला. आजी पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. आणि डॉक्टरीणबाई, ज्या दारातच उभ्या होत्या, त्यांनी हातातल्या कागदावरची नजर न काढता आवाज चढवला: "हातावर जोर द्यायचा नाही म्हणून किती वेळा सांगायचं तुम्हाला? आता आणखी काही महिने यावं लागेल."

आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

तुझी,
बी.ए. आत्या